छत्तीसच्या रोलमध्ये बेचाळीस फोटो

४ ऑगस्ट, सोमवार

कानबाई देवीचं नदीत विसर्जन झालं, आम्ही परत जळगावात. पाय दुखताहेत, पण मन भरलंय.

यंदा गावी रोटाला, कानबाईच्या प्रसादाच्या पंगतीला, गिरधरनाना आले. आबांचे सख्खे धाकटे भाऊ. राहतात त्याच गल्लीत, पण वाटणीच्या वेळी कानबाईचं पूजेतलं नारळ कुणाच्या घरी जायचं यावरून जे वाजलं, ते आजतागायत. रोट भाऊबंदांनीच खायचे असतात आणि आमचा सख्खा काका इतकी वर्षं समोरच्या ओट्यावर पाठ करून बसायचा. यंदा स्वतःहून आला. आबांनी पाटावर बसवलं, रोटाचा घास स्वतःच्या हातानं तोंडात घातला. नानांनी आबांचं मनगट धरलं ते सोडेचनात. उजव्या हाताचं अर्धं बोट लहानपणी कडबाकुट्टीत गेलंय, त्याच हातानं. बायका डोळे पुसत होत्या. मी कामात होतो.

हा प्रसंग फिल्मवर टिपणारा अख्ख्या खान्देशात मी एकटा. सकाळीच सगळ्यांचे फोन गोळा करून भाकरीच्या टोपलीत घातले, वर ताट झाकलं. आमच्या लेकीनं, भाविकानं, तोंड वाकडं केलं. म्हटलं, फोनवर शंभर काढता आणि एकही बघत नाही. एक रोल, एक माणूस, विषय संपला. टाळ्यांची अपेक्षा होती. कुणी वाजवल्या नाहीत.

टेक्निकल नोंद. रोल भरताना लोक त्याचं टोक पलीकडच्या खाचेत लांबवर घालतात आणि पहिले दोन-तीन फोटो वाया घालवतात. उधळेपणा, दुसरं काय! मी टोक खाचेला नुसतं टेकवलं आणि झाकण लावलं. रिझल्ट: छत्तीसच्या रोलमध्ये बेचाळीस फोटो! तरी लिव्हर फिरतच होता. शेवटी मीच लाजून थांबलो. रोल उलटा गुंडाळतानाही हाताला काही जाणवलं नाही, लोण्यासारखा गेला. जुना जपानी माल.

नाना फार वाळलेत. गालाची हाडं वर आलीत. खिडकीतून साइड लाइट होता, पोर्ट्रेट अप्रतिम येणार. घास गिळताना त्यांना त्रास होत होता, तरी मी दोनदा परत भरवायला लावलं. अँगलसाठी.

निघताना त्यांनी हात धरून विचारलं, फोटू कव्हय भेटी? म्हटलं, आठ दिवसांत. म्हणाले, जराखा लवकर कर. डिजिटलमुळे म्हाताऱ्यांचासुद्धा पेशन्स गेलाय.

६ ऑगस्ट, बुधवार

संकल्प: रोल मुंबईला कुरिअर करायचा नाही. जळगावातच चांगली लॅब शोधायची. एवढं मोठं शहर, एक लॅब नसेल?

लॅब ओळखायची खूण मला माहीत आहे. फिल्मच्या कडेला कंपनी बारीक नंबर आधीच टाकून ठेवते. रोल धुतल्यावरच ते दिसतात. धुणारा चांगला असेल तर नंबर काळेभोर येतात. फालतू असेल तर नंबरही नाहीत आणि फोटोही नाहीत. हे एक ठाऊक असलं की कुणाचा बाप फसवू शकत नाही. अकरावीला भूगोल शिकवतो म्हणून काय झालं, अभ्यास सगळ्याचा असतो.

९ ऑगस्ट, शनिवार

जळगाव. पहिल्या स्टुडिओवाल्यानं रोल हातात घेतला, हलवून पाहिला आणि बायकोला बोलावून दाखवला. दोघं हसली. मी हसलो नाही.

दुसऱ्याकडे भिंतभर मेलेल्या माणसांचे फोटो. सगळ्यांना हार, आणि हार फोटोतच छापलेला. म्हणाला, आता हेच चालतं सर, सुकायचा प्रश्न नाही. माझा रोल बघून त्यानं विचारलं, यातलं माणूस आहे ना अजून? म्हटलं, ठणठणीत आहे! तो म्हणाला, तरी फ्रेमची साइज आत्ताच ठरवून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते.

तडक उठून आलो. माणसं काय वाट्टेल ते बोलतात.

१७ ऑगस्ट, रविवार

वरणगाव. फॅक्टरीतून रिटायर झालेले एक गृहस्थ घरच्या घरी रोल धुतात, अशी पक्की माहिती मिळाली होती. गृहस्थ भेटले. माणूस गोड. मात्र त्यांच्या डेव्हलपिंग ट्रेमध्ये काकूंनी सांडगे घातले होते. चहा झाला, सांडगे मिळाले. सांडगे चांगले होते.

आबांचा फोन. फोटू उना का? गिरधर रोज इचारस. म्हटलं, क्वालिटीला वेळ लागतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

नानांच्या घरून सुनंदाकाकूंचा फोन. नानांना धुळ्याला अ‍ॅडमिट केलंय. अन्ननलिकेचं दुखणं आहे. साधं नाही. जूनमध्येच कळलं होतं, पण नानांनी कुणाला सांगू दिलं नाही. काकू म्हणाल्या, त्यांना फक्त तो फोटो बघायचाय, भावाबरोबरचा. दोघांचा एकत्र फोटो दुसरा नाहीच.

बायको, सारिका, म्हणाली, म्हणून ते रोटाला आले. मी म्हटलं, बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं. ती म्हणाली, उद्याच धुळ्याला जाऊ. मी म्हटलं, रिकाम्या हातानं? त्यांनी मागितलंय काय, आणि आपण न्यायचं काय, नारळपाणी? फोटो घेऊनच जाऊ. ती उठून आत गेली. पटलं असावं.

तो दुसरा घास आणि तिसरा घास. ते आठवत होतं दिवसभर. पण मला तेव्हा कुठे माहीत होतं! असो.

२४ ऑगस्ट, रविवार

धुळे. सापडला! प्रेमराज नावाचा माणूस. आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत पासपोर्ट फोटोचं दुकान, मागच्या मोरीत अजून रोल धुतो. साठीचा, तिरसट, एका हातात भजं.

मी रीतसर चौकशी केली. पाणी कुठलं, टेंपरेचर किती, टाकी दाखवा. थर्मामीटरवर पिवळा डाग होता, हळदीसारखा. विचारलं, हे काय? तो उखडलाच. म्हणाला, तुम्हले रोल धुवाना शे का मनी परीक्षा लेवानी शे? आपण असल्या माणसाच्या हाती आबा-नानांचा रोल देत नसतो. खिशात घातला आणि निघालो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

नानांचा दवाखाना तिथून मागच्याच रस्त्याला होता. पण मग विचारलं असतं, फोटो कुठाय. परत येताना बसमधून पाटी दिसली. मी मान वळवली. त्या बाजूनं ऊन येत होतं.

सारिकानं विचारलं, भेटलास का? म्हटलं, व्हिजिटिंग अवर नव्हते. असणार कसे, दुपार होती.

३० ऑगस्ट, शनिवार

दुसरा इलाज नाही म्हणून पुन्हा प्रेमराज. भज्याचे हात पुसायला लावले आणि रोल दिला. म्हणाला, औषध संपलंय, गणपती उठल्यावर येईल, त्यानंतरच्या शनिवारी या. म्हटलं, बेचाळीस फोटो आहेत, सांभाळून. त्यानं रोलवरचा छत्तीसचा आकडा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. बेचाळीस? म्हणाला. अभिमानानं सांगितलं, भरण्याची ट्रिक असते. त्यानं रोल पुन्हा उलटसुलट करून पाहिला. इम्प्रेस झाला असावा.

आज दवाखान्याच्या गेटपर्यंत गेलो होतो. आबा आत असतात, घरी जायलाच तयार नाहीत म्हणे. गेटजवळ केळी घेतली. मग लक्षात आलं, नानांना गिळता येत नाही. केळी घेऊन परत आलो. बसमध्ये मीच खाल्ली.

संकल्प: फोटो हातात आल्याबरोबर, त्याच दिवशी, तिथूनच सरळ वॉर्डात.

७ सप्टेंबर, रविवार

आजपासून पितृपक्ष म्हणे. सकाळी गॅलरीच्या कठड्यावर कावळा येऊन बसला. सारिकानं हाकलला, तर पुन्हा आला. मला काही वाटलं नाही. ब्लॅक अँड व्हाइटला चांगला सब्जेक्ट.

आबांचा फोन. यावेळी फोटोचं विचारलंच नाही. नुसतं म्हणाले, तू कव्हय येस? म्हटलं, शनिवारी, नक्की, फोटो घेऊन. बराच वेळ पलीकडून कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येत होता. आबांचा नव्हता.

पाच-सहा दिवसांचा प्रश्न आहे. एवढ्यात काय होतंय?

१० सप्टेंबर, बुधवार

नाना गेले.

गावी जाऊन आलो. चितेजवळ आबांना धरायला गेलो तर त्यांनी हात झटकला नाही, धरलाही नाही. काकू म्हणाल्या, काल दिवसभर दाराकडे बघत होते.

मी शनिवार म्हटलं होतं. शनिवार अजून यायचाय.

१३ सप्टेंबर, शनिवार

धुळे. प्रेमराजनं फिल्म सोडून माझ्या हातात दिली. उजेडाकडे धरली. काच. आरपार. पलीकडचा रस्ता दिसत होता, चपलांचं दुकान, सगळं. नाना नाहीत, आबा नाहीत, कानबाई नाही.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. दोन गिऱ्हाइकं निघून गेली. प्रेमराज उलट ओरडला नाही याचं नवल वाटलं. त्यानं भजी बाजूला ठेवली आणि म्हणाला, कडेला बघा.

कडेचे नंबर. काळेभोर. एक ते छत्तीस, एकेक ठसठशीत. इतकी चांगली लॅब मी आजवर पाहिलेली नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

तरीही खात्री करायला हवी. एक जुना रोल होता, मुदत संपलेला. तसाच भरला, टोक टेकवून, झाकण लावून. लिव्हर फिरवला. आकडा पुढे गेला. एक, दोन, तीन, पाच, दहा. मग झाकण उघडलं. टोक खाचेतून निसटून बाहेर पडलं होतं. फिल्म जागची हललीच नव्हती. लिव्हर रिकामाच फिरत होता, आणि असाच त्या दिवशी बेचाळीस वेळा फिरला.

दोन फोटो वाचवायला गेलो होतो.

जिवंत माणसाला भेटायला गेलो नाही. फोटो नाही म्हणून. आणि फोटो कधी नव्हताच. मोरीत नळ सोडून रडलो. सारिकानं दार वाजवलं नाही. बरं केलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

गावी, सारिका-भाविकासह. आबांना सांगितलं. आधी केमिकलवर ढकलणार होतो, वाक्यही तयार होतं. तोंडातून खरंच निघून गेलं. आबा ओट्यावर बसले होते, समोर नानांचं बंद दार. ऐकून त्या दाराकडेच बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मग भाविका पुढे आली. म्हणाली, पप्पा, रागावू नका. रोटाच्या दिवशी तिनं स्वतःचा फोन टोपलीत टाकला होता, पण सारिकाचा फोन ओढणीखाली लपवला होता. एक काढलाय. एकच. दाखवायची हिंमत होत नव्हती.

आबांना चष्मा दिला. भाविकानं फोन समोर धरला.

फोटोत मी आहे. म्हणजे माझी पाठ. चौकटी शर्ट, काखेत घामाचा डाग, कोपर वर. अँगल घेतोय. माझ्या पाठीमागे दोन्ही भाऊ पूर्ण झाकले गेलेत. फोकस पाठीवर, शर्टाचा दोरा न् दोरा दिसतो. उजव्या बाजूला, माझ्या कमरेशी, तेवढी दोन मनगटं बाहेर आलीत. एका हातात घास. दुसऱ्याचं बोट अर्धं.

आबांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, हाई तुनी पाठ शे. मी हो म्हटलं. मग त्यांनी अंगठा काचेवर ठेवला. हाऊ हात गिरधरना शे. आणि तिथेच फुटले. इतके दिवस रडले नव्हते म्हणे.

भाविकाला म्हणाले, हाऊच मोठा करी लय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जळगाव. तोच स्टुडिओ, हारवाला. मला पाहून म्हणाला, सर, मी म्हटलं होतं. विचारलं, यातले वारलेले कोण? मी हाताकडे बोट दाखवलं. त्यानं एकदा हात पाहिला, एकदा मला, आणि साइज विचारली. हाराचं काही बोलणं झालं नाही. मी पण विसरलो.

२१ सप्टेंबर, रविवार

नानांची गंधमुक्ती, सुतक फिटण्याचा दिवस. फ्रेमचा कागद तिथेच सर्वांसमोर सोडला. स्टुडिओवाल्यानं नेहमीच्या सवयीनं हार छापलाय. मध्यभागी. मोठा, झेंडूचा, न सुकणारा. बरोबर माझ्या दोन्ही खांद्यांवरून खाली पाठीवर आलाय.

फोटो परत न्यायला उचलला तर आबा म्हणाले, ऱ्हाऊ दे. काकूंनी पाटावर ठेवला, पुढे दिवा लावला. कानबाईचं नारळ आबांनी स्वतः आणून शेजारी मांडलं. आता ते काकूंकडेच राहणार आहे.

मी दाराशी उभा होतो, कुणी काही काम सांगेल म्हणून. कुणी सांगितलं नाही. दुपारपर्यंत सगळे भाऊबंद एकेक करून येत होते आणि माझ्या पाठीला नमस्कार करून जेवायला बसत होते.