चटईची खोली

आई,

आज तुझ्याशी भांडायचं आहे. इथे कुणाशी भांडून काही उपयोग नाही, हे दिवसभरात नीट कळलं. सोमवारपासून माझी चटईची खोली बंद. तिथे मोठा स्क्रीन लागणार आहे आणि मुलं म्हणे त्यावर शिकणार आहेत.

खोली कसली, जिन्याखालची अडगळ. मीच झाडून घेतली होती. खडोलीच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारे आईबाप शाळा उघडायच्या आत पोरांना फाटकाशी सोडून जातात. डोळ्यांत झोप, पोटात काही नाही, आणि घंटा झाली की आम्ही त्यांना पाढे विचारणार! म्हणून प्रार्थनेआधी मी त्यांना चटईवर बसवते, पोहे देते, कोण रडून आलंय, कोण गप्प आहे ते बघते. एवढंच. त्यावर मुख्याध्यापक सर म्हणतात, "मॅडम, आपण शाळा चालवतो, पाळणाघर नाही." वर, तू याच शाळेत शिकवायचीस म्हणून मलाच तुझा दाखला, "तुमच्या आईंचा वर्ग कसा चिडीचूप असायचा!" अहो, चिडीचूप असेल नाही तर काय, सगळ्यांच्या तोंडात घावणे असायचे. पहाटे तू दोन डबे भरायचीस, माझा छोटा आणि वर्गाचा मोठा. एकदा मी मोठ्या डब्यात हात घातला, तर तव्यावरची नजर न काढता तू म्हणालीस, "तो वर्गाचा आहे. तुला सकाळी आई दिसते, त्यांना दिसत नाही." आणि शाळेत पाऊल टाकलं की तुला बाईच म्हणायचं, हा तुझा दंडक. तुझ्या मांडीवर रोज कुणी ना कुणी रडकं पोर असायचं, मी तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसलेली.

माझ्या खोलीत पहिलीतली एक मुलगी येते. नंदुरबारकडची माणसं, आई धाग्याच्या कारखान्यात. दिवाळीनंतर ती कुणाशी एक अक्षर बोलली नव्हती. नुसती माझी ओढणी धरून बसायची. परवा ताटली पुढे करून म्हणाली, "अजून." मला केवढा आनंद झाला! आणि काल एक मुलगा पडला, गुडघा सोलवटला, म्हणून मी त्याला मांडीवर घेतलं, तर ही उठून त्याच्या दंडाला कडकडून चावली. दातांचे ठसे उमटले. त्याचे वडील ऑफिसात येऊन ओरडून गेले आणि सरांना आयतं कारण मिळालं. "बघा, लाडाचे परिणाम." मी परोपरीने सांगितलं, आत्ता तिला सोडलं तर ती पुन्हा मिटून जाईल. पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी तिची आई पाळी संपवून फाटकाशी आली. "मॅडम, घरी तं ती तोंडच उघडत नाही. इथे बोलायला लागली होती ना?" अशा वेळी तू काय करायचीस, ते तू कधी सांगितलंच नाहीस. नुसते घावणे घालत राहिलीस. म्हणून चिडले आहे मी, आणि हा कागद पाठवायला तुझा पत्ताही नाही.

सरांनी विचारलं होतं, "एवढं करूनही ती का चावली?" मी म्हणाले, माहीत नाही. मला माहीत होतं, आई. तिसऱ्या रांगेत बसून मलाही तेच करावंसं वाटायचं.