खाली वस्ती नाही

१२ ऑगस्ट

प्रिय नाझारियो,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. इकडे ऑगस्टची थंडी हाडात शिरते आहे. शेळ्या बऱ्या आहेत, विहिरीचं पाणी खारट ते खारटच. येर्बाचा चहासुद्धा तोंड वाकडं करून प्यावा लागतो. तुझे गुडघे कसे आहेत? धरणावर वारा फार, लोकरीचा पट्टा बांधत जा.

अकरा वर्षांनी लिहिते आहे, म्हणून आधी सोपं ते सांगते.

धरणानं अडवलेल्या नदीच्या खटल्यात आपल्या प्रांताकडून साक्ष द्यायला मला ब्युनोस आयर्सला, सर्वोच्च न्यायालयात नेलं होतं. तिथला संगमरवर केवढा, आणि माझ्या शालीला शेळ्यांचा वास! तुमच्या, धरणाकडच्या प्रांताचा वकील म्हणाला, "आजीबाई, नदी आमच्या डोंगरात उगवते. ती आमची."

मी म्हटलं, "मग पन्नास वर्षांपूर्वी आमच्या दारात काय चुकून यायची होय रे, बाळा?"

न्यायाधीशही हसले. दोन भाऊ भांडले तर थोरल्यांकडे जातात. दोन प्रांत भांडले तर जायला ते एकच दार. त्या दारानं न्याय दिला: नदी दोघांची, खाली पाणी सोडा.

निकाल रेडिओवर ऐकला, दुपारच्या निरोपांमध्ये. "बाल्दोमेरो, खेचराचं औषध गुरुवारच्या ट्रकनं येतंय," आणि त्याच्यामागून न्यायालयाची बातमी. आपला शेजारी बाल्दोमेरो म्हणाला, "बघ एर्मेलिंदा, आधी औषधच येणार." औषध आलं. निकालाला आठ महिने झाले.

पण आईनं त्याच दिवशी कोरड्या पात्रातला शेळ्यांचा वाडा काठावर हलवायला लावला. "पाणी आलं तर पिल्लं वाहून जातील." बाल्दोमेरो हसला, पण खांब त्यानंच वाहिले. आई म्हणाली, "कोर्टाला कुठले हात? धरणाच्या दाराचं चाक फिरवायला माणूस लागतो. आपला नाझारियो आहे ना तिथं!"

आता अवघड ते.

त्या वकिलानं एक जुना कागद दाखवला होता. धरणाखालच्या भागाच्या पाहणीचा. त्यावर लिहिलं होतं, 'खाली वस्ती नाही.' न्यायाधीशांनी विचारलं, "सही कोणाची, ओळखता?"

पिठाच्या पोत्यावर कोळशानं तुला अक्षरं मीच शिकवली, नाझारियो. माझीही कच्चीच होती. शपथ घेतलेली असूनही मी म्हटलं, "नाही साहेब." तुझी नोकरी जाईल, असं वाटलं. देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयात मी तुझ्यापायी खोटं बोलले. आईला मात्र कागदाचं सांगितलं नाही.

सांगायची वेळही गेली. आई जूनमध्ये गेली. रेडिओवर तीन दुपारी तुला निरोप दिला. त्या लहरी डोंगरापलीकडे पोचत नाहीत म्हणतात. तिला काठावर पुरलं, वाड्याच्याही वर. पाणी आलं तर लागू नये म्हणून.

वरून हुकूम आल्याशिवाय तू चाकाला हात लावत नाहीस, हे ठाऊक आहे. पण सगळ्यांच्या वरचा हुकूम तर आलाय, बाळा. आणखी किती वरून यायला हवा?

मी रोज सकाळी पात्रात हात ठेवून बघते. वाळू गार असते, एवढंच.

खालीच राहणारी, अजून असणारी,
तुझी ताई
एर्मेलिंदा