गोधडीतला बंब

आई,

आज रोह्याच्या महाविद्यालयात मुलींना ज्वलन शिकवताना आपला तांब्याचा बंब आठवला, आणि तुझा खोकलाही.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. बाबा धाटावच्या कंपनीत. शिफ्ट संपवून गडबला घरी पोचत तेव्हा अंगाला रसायनांचा उग्र वास असे, म्हणून आल्या आल्या त्यांना कढत पाणी हवं. त्यासाठी तू दुपारपासूनच बंब धुमसत ठेवायचीस: नळीत भाताचं तूस ठासून भरायचं आणि खालचं राखेचं तोंड ओल्या गोणपाटानं बुजवायचं. विस्तव जेमतेम जिवंत, पाणी गरम, आणि न्हाणीभर धूर. तोंडावर पदर धरून तू खोकत बसायचीस. हा धूर थांबला नाही, तर छाती कायमची जाईल, असं पेणच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

अशाच एका दिवाळीच्या सुट्टीत मी कॉलेजातून तूस दाबून केलेल्या सुक्या कांड्यांचं पोतं घेऊन येते आणि गोणपाट ओढून काढते. तू कडाडतेस, "अगो, तोंड उघडं टाकलंस तं समदं भसकन जलून जाईल! तुजा बापूस काय थंड पान्यानं आंघोल करल?"

मी समजावते: धूर म्हणजे न जळालेलं इंधनच. पुरेशी हवा मिळाली, की तोही जळतो आणि उष्णता देतो. म्हणून विस्तव तासन्‌तास अर्धमेला ठेवायचा नाही. एकदाच मोकळ्या हवेत धगधगून जाळायचा. साठवायची ती उष्णता, विस्तव नव्हे. पाणी उकळतं, निखारे विझतात, मी राख काढते आणि बंबाभोवती पेंढा लावून वर तुझी जाड गोधडी गुंडाळते. तू शेजारच्या काकूंना हाक मारतेस, "बघ गो, पोरगी शिकली नि बंबाला थंडी वाजाया लागली!"

संध्याकाळी बाबा न्हाणीत गेले, तोटी सोडली, आणि आतून आरोळी आली, "अगो, थंड पानी आन, पाठ पोलली!" तू हसत बादली घेऊन धावलीस. खोकला आला नाही.

गोणपाट पुन्हा बंबाखाली गेलं नाही. पुढे शेवटच्या आजारातही तुझा श्वास मोकळा होता. उशाशी बसून तो ऐकताना वाटलेलं हायसं मला आजही पुरतं.

हे पत्र त्याच गोधडीच्या घडीत ठेवते आहे. एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. एवढं ठामपणे समजावलं खरं, पण माझीच खात्री नव्हती. तू अंगणात गेलीस, तशी मी गोधडीखाली हात घालून तांबं चाचपायला गेले. हात जाईल एवढा पेंढा माझ्याआधीच कुणीतरी बाजूला सारला होता, आणि घरात तर आपण दोघीच होतो.