न टोचणारा आवाज

हैदराबाद

ती. विमलाक्कास रेणुकाचा जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? माझी काळजी करू नकोस. ताटल्यांचा आवाज अजून कानात सुईसारखा टोचतो, पण आबिड्सच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अम्मा, कानातला कापूस काढा. आवडीचा आवाज रोज ऐका, हळूहळू मोठा करा."

रोशनीने यांचं घोरणं कधीतरी थट्टेने फोनमध्ये भरून ठेवलं होतं. "बाबांचा ट्रॅक्टर लाव की," म्हणाली. हे गेले, पण तेवढा आवाज टोचत नाही.

गुण येतोय. बाई म्हणतात, आता तो आवाज सोडा, नाहीतर बाकीचे आवाज कधीच सोसणार नाहीत. मी हो म्हटलं.

अक्का, दुपारी अजून तोच लावते. हे जागे होऊ नयेत म्हणून कूससुद्धा हळूच बदलते.

तुझी धाकटी,
रेणुका