पाहुण्यांचं पाणी

शोभे,

तू गेलीस तेव्हा सगळे मला म्हणत होते, एकदा रडून मोकळी हो. तेव्हा रडायलाच आलं नाही. आज तुझ्या काव्याचा फोन आला आणि तव्यावरची पोळी तशीच जळाली. म्हणून लिहायला बसले. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

सुट्टीत काव्याला तेल्हाऱ्याजवळच्या तुझ्या सासरहून इकडे अकोल्याला आणली होती. आल्याआल्या पेलाभर पाणी मागितलं, एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि डब्यातलं चिमूटभर मीठ त्यात टाकलं. म्हणाली, "मावशी, हे फिक्कं लागते व. यानं तहानच जात नाही."

माझी तनू हसत सुटली. मला हसू आलं नाही. माझ्या लग्नानंतर तू पहिल्यांदा आलीस तेव्हा तूही अगदी हेच केलं होतंस! किती चिडवलं होतं मी तुला.

आपण खाऱ्या पाण्यावरच वाढलो. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, आणि आपल्याला वाटायचं पाणी असंच असतं. दुरून आणलेलं गोडं पाणी झाकलेल्या माठात असायचं, ते पाहुण्यांसाठी. आपण हात लावला की आई रागवायची. लेकरं खारं प्यायची आणि घराची इज्जत राहायची. काय अभिमान होता गं आपल्याला त्या माठाचा!

मला गोड्या पाण्याचं सासर मिळालं, तुला खाऱ्याच पट्ट्यातलं. पाय सुजले तेव्हा बोलली का नाहीस? कापूस वेचणीच्या दिवसांत सुजतातच, म्हणालीस. दवाखान्यात आणलं तोवर दोन्ही किडन्या गेल्या होत्या. अजून राग येतो मला तुझा.

आणि आता काव्या. सकाळी उठली की डोळ्यांखाली सूज. डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, किडनीला त्रास सुरू झालाय, अजून वेळ गेलेली नाही, पण आधी ते पाणी बंद करा.

तनू आणि ती एकाच महिन्यातल्या. तनू क्लासला जाते, डॉक्टर व्हायचं म्हणते. काव्या गणितात तिच्याही पुढे आहे, पण दुपार झाली की थकून आडवी होते. तुमच्या गावातही ज्यांच्या घरी पगार येतो त्यांच्या दारात पाण्याचे कॅन उतरतात. त्यांची मुलं आणि काव्या एकाच वर्गात बसतात. सगळ्या जगात असंच असेल का गं? लेकरू कुठल्या घरात जन्मलं यावरच सगळं ठरत असेल, तर मन लावून शिक, असं तिला कोणत्या तोंडानं सांगू?

मी तिला ठेवूनच घेणार होते. तुझा नवरा न्यायला आला तेव्हा डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "मले समजते ताई. पन माय अंथरुणात आहे. मी वावरात गेलो तर तिले पाहीन कोन?" त्याच्याशी भांडावं तरी कशावरून? काव्याच्या पिशवीत गोड्या पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि तिला बजावलं, हे फक्त तू प्यायचं.

आज फोनवर विचारलं, संपलं असेल ना पाणी?

"नाही मावशी," ती म्हणाली. "झाकून ठेवलं. पाहुन्यायसाठी."

वर तिचा आवाज किती खुशीत होता! आपल्या आईनं आपल्याला शिकवलं, तू तिला शिकवलंस. आता कुणाला बोल लावू?

शोभे, ती यातून सुटेल असं मला वाटत नाही. तुझ्याशी खोटं काय बोलायचं? पण रविवारी मी जाते आहे. दर रविवारी जाईन, पाहुणी म्हणून. झाकलेल्या पाण्याचा पेला ती माझ्यापुढे आणेल, तो मी तिलाच पाजीन, समोर बसवून, शेवटच्या घोटापर्यंत. आठवड्याच्या एका पेल्यानं काही होत नाही, हे मलाही कळतं.

तुझी,
ताई