उत्कर्षचं मानपत्र

२० डिसेंबर २०२४, शुक्रवार

नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

रामधन सकाळीच आला. विहार समितीचा अध्यक्ष, आणि त्याआधी तीस वर्षं आमच्या गायन पार्टीचा गायक. तो गायचा, मी बेंजो वाजवायचो — कळी दाबायचा, आपल्या पार्ट्यांमधला. बसल्या बसल्या म्हणे, "रुपाबाईचा उत्कर्ष हॉलंडहून येऊन राह्यला. बारा जानेवारीले विहारात सत्कार ठेवला. मानपत्र तू लिहिजो."

शाळेतल्या सरांना सांग म्हटलं. तर म्हणे, "सरले मराठी येते. गाणं येते काय? जाझ वाजवते म्हणे पोरगा गिटारवर. त्याची शैली, कोणाचा प्रभाव, रेकॉर्डी कोणत्या, सगळं पाह्यजे. आन् तारा टाकजो. कलेच्या आकाशातला. ताऱ्याशिवाय मानपत्र होत नाही."

मी एसटीच्या रिसोड डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक होतो. जाझ हा शब्द आज पहिल्यांदा लिहिला.

भागिरथा चहा ठेवून आत निघून गेली. एक शब्द बोलली नाही. माझी बायको न बोलणारी बाई नाही.

२१ डिसेंबर

मोबाइल मला जमत नाही, भागिरथाला जमतो. तिने रेकॉर्डी शोधून दिल्या. तीन आहेत. पहिलीचं नाव 'मेडशी फाटा', आपल्याकडचाच. चार जण — गिटार, पियानो, ड्रम आणि माणसाएवढं उभं व्हायोलिन. गाणारा कोणीच नाही! पहिलंच अकरा मिनिटांचं.

भागिरथाने तूर निवडता निवडता विचारलं, "हे सुरू कवा होते?"

संपलं होतं.

२२ डिसेंबर

परत ऐकलं. ड्रमवाला समेवर येतो, उत्कर्ष नंतर येतो. प्रत्येक वेळी. एकदा-दोनदा असतं तर चूक म्हटलं असतं. अकरा मिनिटं कोणी चुकत नाही.

ही खोड जुनीच आहे. दोन वर्षं माझ्याजवळ बेंजो शिकला, मग गिटार आणली, आणि आमच्यासोबत बसायला लागला. तेव्हाही मागेच. मी ओरडायचो, "पोट्ट्या, लय धर!" तो हो म्हणायचा. पुन्हा मागे.

आता त्यालाच तिकडे शैली म्हणतात. लिहून टाकलं.

२५ डिसेंबर

दुसरी रेकॉर्ड, 'तिघं'. पियानो नाही. म्हणजे मोकळी जागा पुष्कळ, आणि हा ती भरत नाही. दुसरा कोणी असता तर धावला असता. हा दोन सूर वाजवतो आणि बसून राहतो. मी मनात तिसरा सूर लावतो, तर हा चौथाच वाजवतो. आणि तो चौथाच बरोबर असतो. याचा राग येतो.

आवाज बारीक ठेवतो. ओरडत नाही. बेंजोची कळ सोडताना जो कट्ट असा बारीक आवाज होतो ना, तो हा गिटारवर काढतो. बोटाने तार दाबून लगेच मारतो. मी चार वेळा मागे नेऊन ऐकलं. तोच. तो आवाज येऊ नये म्हणून मी कळीखाली जुन्या चपलेचं रबर लावायचो. हा मुद्दाम काढतो.

चांगलं आहे. खोटं कशाला लिहू, फारच चांगलं आहे.

२६ डिसेंबर

रामधनचा फोन. "तारा टाकला?" टाकला.

२९ डिसेंबर

उत्कर्षची मुलाखत सापडली. भागिरथाने मोबाइलकडूनच मराठी करून घेतली. प्रभाव विचारला तर अमेरिकेतल्या जुन्या काळ्या वादकांची नावं सांगतो, मला लिहिता येणार नाहीत अशी. मग ब्राझीलची संथ गाणी. मग वऱ्हाडातल्या गायन पार्ट्या. पार्टीत कोण, ते सांगितलं नाही.

मी दोनदा वाचून घेतलं. नाहीच सांगितलं.

भागिरथा म्हणे, "तुमचं नाव पाह्यजे काय त्यात?"

मानपत्रासाठी माहिती लागते, म्हटलं.

२ जानेवारी २०२५

आज तिसरी ऐकली. 'दुपार'. एकटाच आहे, एकटी गिटार. पाच मिनिटं नीट चालते आणि मग एकदम करंट जातो. मोबाइल बिघडला असं वाटलं. कानाला लावला. आतून कोरडी तार वाजत होती, करंटशिवाय, फार बारीक. मिनिट-दीड मिनिट. मग करंट परत येतो.

तिथे खाली लिहिलंय की प्रत्येक कार्यक्रमात तो स्वतःच वायर काढतो आणि वाजवत राहतो. लोक श्वास धरून ऐकतात म्हणे.

चहा प्यायलो नाही. भागिरथा म्हणे, "तब्येत?" बरी आहे म्हटलं.

३ जानेवारी

लिहून टाकतो. ही वही कोणी वाचत नाही.

२०१३ ची भीमजयंती. भर दुपार, विहारासमोर मंडप. रामधन गात होता, मी बेंजोवर, उत्कर्ष गिटारवर. एकोणीस-वीस वर्षांचा होता. तो मागे मागे वाजवत होता, गाणं लटकत होतं, आणि लोक त्याच्याचकडे बघत होते. रामधनसुद्धा मान त्याच्याकडे करून गायला लागला. तीस वर्षं ती मान माझ्याकडे असायची.

मी हात मागे नेला आणि बोर्डाची पिन काढली. माइक, बेंजो, गिटार — सगळं बंद. "गेली लाइट," लोक म्हणाले. एप्रिलात कोणाला नवल वाटत नाही. रामधन थांबला. मी थांबलो. उत्कर्ष थांबला नाही. डोळे मिटून कोरड्या तारेवर वाजवत राहिला. शेजारी बसलेला मी एकटाच ते ऐकत होतो. मग डोळे उघडून त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. नाहीतर मला तसं वाटलं. मी पिन लावली. "आली, आली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जूनमध्ये तो पुण्याला शिकायला गेला, मग हॉलंडला. मधे दोनदा आईला भेटायला आला. तो आला की मला रिसोडला काम निघतं.

पुढच्या वर्षी मी बेंजो सोडला. बोटं आखडायला लागली. पाने फिरवून फिरवून मेकॅनिकची बोटं अशीच होतात.

आता त्याने रेकॉर्ड काढली आणि नाव 'दुपार' ठेवलं. सगळ्या जगाला ऐकवतो आहे. टोमणा मारायची काय रीत आहे!

५ जानेवारी

सकाळपासून तीनदा ऐकली. टोमणा असा नसतो. त्यात राग कुठेच सापडत नाही. सापडला असता तर बरं झालं असतं.

पण पिन मी काढली. त्याच्या शैलीबद्दल लिहायचं आणि एवढंच झाकायचं, हे माझ्याने होत नाही. लोकांसमोर केलं, लोकांसमोर सांगायला पाहिजे. मग तो विहारात मला काय बोलायचं ते बोलेल. ऐनवेळी पुन्हा रिसोडला पळून जाऊ नये म्हणून आधीच लिहून देतो.

७ जानेवारी

शेवटचा परिच्छेद लिहिला. रामधनला कागद दिला. तो वाचेल, मला शिव्या देईल, असं धरून बसलो होतो. त्याने वरचीच ओळ पाहिली. "हा, तारा हाये," म्हणे, आणि कागद खिशात घालून छापायला रिसोडच्या गाडीत बसला.

११ जानेवारी

फ्रेम झाली. काचेत आहे. सोनेरी पट्टी.

भागिरथाने माझा पांढरा सदरा इस्त्री केला. रिसोडला काही काम नाही ना उद्या, विचारलं. नाही म्हटलं. तेव्हा हसली.

१२ जानेवारी, रविवार

झालं.

उत्कर्ष जाड झाला आहे. जय भीम काका, म्हणाला, माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मीच सोडवून घेतले.

मानपत्र रामधनने वाचलं. त्याचा आवाज अजून चढा आहे. तो कोणताही कागद एकाच आवाजात वाचतो आणि परिच्छेद संपला की थांबतो. तो थांबला की लोक टाळ्या वाजवतात. पद्धत आहे. तारा झाला, टाळ्या. शैली झाली, टाळ्या. "समेच्या किंचित मागे राहूनही आपण गाण्याला कधी पडू दिले नाही" — टाळ्या. प्रभाव, रेकॉर्डी, टाळ्या. मग त्याच चढ्या आवाजात, हात वर करून: "दोन हजार तेराच्या जयंतीस आपले वादन ऐन रंगात असता सदर बोर्डाची पिन देवमन खंडारे यांनी स्वतःच्या हाताने, केवळ मत्सरापोटी काढली, याची जाहीर कबुली ते या मानपत्राद्वारे देत आहेत!"

टाळ्या. सगळ्यांत मोठ्या.

रामधनला आपण काय वाचलं ते टाळ्या संपल्यावर कळलं. त्याने काचेतला कागद पुन्हा पाहिला, मग मला पाहिलं. मग पुढच्या रांगेतल्या बायांना कळलं, मग माणसांना. 

उत्कर्ष उठला. माइक घेतला. म्हणे, "काका विसरून राह्यले. मी तिथंच होतो ना. त्या दिवशी लाइट गेली होती."

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. रामधन तर म्हातारपणावर एक वाक्यही बोलला. मग उत्कर्ष वाजवायला बसला. बारा वर्षं घोटलेली कबुली मी दिली आणि पंचेचाळीस सेकंदांत ती कोणाचीच राहिली नाही.

नंतर विहाराच्या मागे त्याला गाठलं. म्हटलं, "उत्कर्ष, तू पाह्यलं होतं. माझ्या हाताकडे पाह्यलं होतं."

"काका," म्हणे, "एप्रिलात लाइट जातेच."

त्याला माहीतच नव्हतं. मी उगाच बारा वर्षं रिसोडला जात राहिलो.

१३ जानेवारी

सकाळी उत्कर्ष गेला. भागिरथाला म्हटलं, बघ, त्याला काही माहीतच नव्हतं.

तिने सूप खाली ठेवलं. म्हणे, "पाह्यलं होतं त्यानं. त्याच दिवशी आला होता घरी, तुमी मंडप सोडवाले गेले होते. म्हणे, काकू, काकाले काही बोलू नका. त्याइची बोटं चालत नाहीत आता, मांगं राह्यतात. ते मांगं राह्यले का लोकाइले समजू नाही म्हणून मी बी मांगंच राह्यतो. पण ते चिडले माह्यावर."

मोबाइल मागितला. पहिली रेकॉर्ड सुरुवातीपासून लावली. रडलो, हे लिहून ठेवतो. तिला सांगायचं कारण नव्हतं, ती समोरच बसली होती.