पहिल्या पानावरचा पक्ष

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्राला कारण तुझी भाची. बाईसाहेबांनी जाहीर केलंय की लग्न त्यांच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होणार. जिथे दिवसभर पुस्तकांच्या पाठींना खळ लावते, तिथेच! पडदे उरल्यासुरल्या बांधणीच्या कापडाचे, जेवायची टेबलं कागद कापायची, स्वयंपाक मैत्रिणींचा, आणि दिवे लावणार आमचे होणारे जावई, जे लिफ्ट दुरुस्त करतात. मी म्हटलं, वर-खाली करणाऱ्या माणसाच्या हाती जन्म देतेस, निदान मंडप तरी माझ्या हाती दे. तर म्हणे, आम्हाला परवडेल तेवढंच आणि आमच्या हातानं. कर्ज नको, आणि बाबा, तुमचं फुकटचंही नको.

ताई, मी उभा जन्म लोकांच्या लग्नांचे मंडप घातले. उद्या गिऱ्हाईक म्हणेल, ह्याच्या पोरीनंच ह्याला नाकारलं, आपण कशाला बोलवायचं? मी बागेजवळचा हॉल धरून ठेवलाय. तिथे लग्न झालं नाही तर मी येणार नाही, हे तिला तोंडावर सांगितलंय. तिनं चहाचा कप विसळला आणि म्हणाली, बरं.

तू कॉलेजात पोरांना वाद घालायला शिकवलंस, हिलाही तूच बिघडवलंस. आता असं पत्र लिही की तिची बोलती बंद होईल. आधी माझ्याकडे पाठव, मी बघून पुढे देतो. बायकोला मत विचारलं, तर म्हणते, बापलेकीच्या दोन्ही बाजू मला पाठ आहेत, नवीन काही निघालं तर उठवा.

लोभ आहे, तो जरा कामाला लाव.
तुझा धाकटा


११ नोव्हेंबर

(पान पहिले)

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

विवाहाचा प्रश्न मी पूर्ण ताकदीने मांडणार आहे. तेव्हा बसून वाचावे.

जिच्या हाती कसब आहे, तिने तेच कसब बाजारातून विकत घेणे हा उघड विसंगतीचा नमुना होय. जिने आजवर अगणित पुस्तकांना पाठ दिली, तिने स्वतःच्या लग्नाला उसनी पाठ का लावावी? शिवाय ऋण काढून केलेल्या समारंभात पाहुणे जेवून निघून जातात आणि ऋण तेवढे पंगतीला बसून राहते. ज्या दोघांना संसार आपल्या मिळकतीत करावयाचा आहे, त्यांनी त्याचा आरंभ दुसऱ्याच्या ऐपतीत करू नये.

आणखी एक गोष्ट आहे, जी कोणी बोलत नाही. या घरातल्या प्रत्येक लग्नात तुझे बाबा मागच्या दाराने आत गेले आहेत. माझ्या लग्नात ते शिडीवर होते. व्यासपीठावरचा एक दिवा पेटत नव्हता. त्या दिवसाच्या एकाही छायाचित्रात ते नाहीत. लग्न हॉलमध्ये झाले तर ते पुन्हा कंत्राटदार होतील, आणि तू लग्नाच्या नोंदणीची सही करीत असताना ते कुठेतरी वायर जोडीत असतील. कारखान्यात मात्र त्यांच्या मालकीचा एक खिळाही नसेल. तिथे त्यांना बाप होण्यावाचून दुसरा उद्योग उरणार नाही.

म्हणून हॉल नको.

(पान दुसरे)

येथवर मी तुझा पक्ष मांडला. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याने खाली सही करावी इतके चोख मांडावे, मगच खोडावे, हा माझा नियम तुला ठाऊक आहे. आता खंडन.

कसब एका कामाचे असते. कापड शिवता आले म्हणून गर्दी सांभाळता येते असे होत नाही. ऋणाचा मुद्दा लागू नाही, कारण हॉल बाप देतो आहे, सावकार नव्हे. आणि तुझ्या बाबांचा धंदा लोकांच्या बोलण्यावर चालतो. लेकीने नाकारलेले परक्याने का स्वीकारावे, या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नाही. सबब त्यांचा हॉल घ्यावास, असे माझे मत आहे.

मत पटले नाही तरी माया कमी होत नाही, हे गृहीत धरावे.
तुझी आत्या


१६ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हॉल सोडला. सकाळीच गेलो, मॅनेजर विचारत होता, एवढं झालं तरी काय? म्हटलं, माझ्या बहिणीनं निकाल दिला.

तुझ्यावर रागावलोय. सांगितलं काय आणि लिहिलंस काय! पण ती शिडी तुझ्या लक्षात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी तू वर बघितलेलंच मला आठवत नाही.

दुसरं पान वाचलं नाही. आमच्या धंद्यात जे काही असतं ते पहिल्या पानावर, मागे नुसत्या अटी. त्या तुम्ही दोघी बघून घ्या. एकच सांग: मागच्या दाराचं ते ठिणगी म्हणाली, की तू? ती म्हणाली असेल तर मी येईन. पत्र अजून तिला दिलेलं नाही.

उत्तराची वाट पाहणारा,
धाकटा


१९ नोव्हेंबर

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांनी अर्धे पत्र वाचून पूर्ण निर्णय घेतला आहे. त्या पत्राची दोन्ही पाने मी हाताने उतरवून सोबत पाठवीत आहे; माझी चूक कोठे झाली ते दिसेल. जो माणूस पहिल्या पानावर थांबतो, त्याच्या हाती मी तुझा पक्ष दिला आणि माझा मागे ठेवला. वर्गात असे झाले नसते. तेथे घंटा होईपर्यंत कोणाला उठता येत नसे.

आता ते विचारतात की मागच्या दाराचा मुद्दा तुझा की माझा. तो माझा आहे. तुझी बाजू भक्कम करण्यासाठी मी तो घातला. तू तो कधी बोलली नाहीस. हे मी त्यांना कळविणार आहे, आणि दुसरे पान वाचावयास सांगणार आहे. त्याने ते येणार नाहीत असे होऊ शकते. गैरसमजावर बसलेला बाप तुझ्या लग्नात असावा, असे तुलाही वाटणार नाही.

नियमाप्रमाणे पहिल्या पानाखाली सही करण्याचा अधिकार तुझा आहे. पटेल ते ठेव, न पटेल ते खोड. माझी भीड म्हणून किंवा बाबा यावेत म्हणून सही करशील, तर मी ती ओळखीन.

कठोर वाटले तर दोनदा वाच. माया दुसऱ्या वाचनात सापडते.
तुझी आत्या


२४ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आधी हे लिहिते, म्हणजे पुढचं लाच वाटणार नाही: बाबा आले नाहीत तरी लग्न इथेच, ठरल्या दिवशीच. पडदे शिवून झाले. लाल कापड कमी पडलं म्हणून एक पडदा हिरवा आहे, आणि तो हिरवाच राहील. लिफ्टवाल्यानं दिव्यांची माळ एकदा जाळली, परत जोडली. तुझ्या दुसऱ्या पानाला माझं उत्तर एवढंच, की गर्दी आम्ही बोलावलेलीच नाही. आपली माणसं बोलावलीत. तीही उठून आपापलं ताट घेतील.

पहिल्या दोन मुद्द्यांखाली सही केलीय. तिसरा माझा नव्हता. मनात होता पण बोलता येत नव्हता, अशी पळवाट काढणार नाही. मी कधी बघितलंच नव्हतं, आत्या. अल्बम काढून बसले. आई म्हणाली, शोधू नकोस, ते त्यात नाहीत. मग तिनंच चष्मा लावला आणि शोधायला लागली.

आमच्या कारखान्यालाही पुढचं दार आहे, कागदाच्या गठ्ठ्यांमागे. आम्ही सगळे मागूनच ये-जा करतो. काल आम्ही दोघांनी गठ्ठे हलवले, बिजागऱ्यांना तेल घातलं.

तिसऱ्या मुद्द्यातलं शेवटचं वाक्य मी खोडलंय. बाबांना रिकामं ठेवलं तर ते खुर्च्यांचे पाय तपासत बसतील. त्यांना एक काम आहे: माझ्याबरोबर पुढच्या दारानं आत यायचं. शिडी आणायची नाही. हे लिहून खाली सही केली. ओळख बघू, खरी आहे की नाही.

तू रागावशील तेव्हाही तुझीच,
ठिणगी


२९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: मागच्या दाराची गोष्ट मी लिहिली. पुढच्या दाराची तुझ्या मुलीने. तिने सही केलेले पान सोबत आहे. दुसरे पान तुझ्याजवळ आहेच. तेही वाच, कारण माझे मत तेथे होते. तू सोडलास तो हॉल माझ्या सांगण्यावरून नव्हे, एवढी नोंद असू दे.

होते, असे म्हणते. कारण ते पान मी पुन्हा तपासले. त्यातले प्रत्येक वाक्य आपल्या पायांवर उभे आहे. परंतु पहिल्या पानात तू आहेस, आणि दुसऱ्यात केवळ तुझा धंदा. मी ते फाडत नाही, मागे घेते. नातलगांपैकी कोणाला या लग्नाविषयी आक्षेप असेल तर त्याला माझ्याकडे पाठवावे. त्याचा पक्ष मी आधी त्याच्याहून चांगला मांडीन, आणि मग त्याला उठू देणार नाही.

यावे की नाही, हे तुझे तू ठरव. मी त्या दिवशी वर पाहिले होते. तू हात हलवून मला पुढे बघ म्हणालास.

तुझ्यावरचा लोभ वादातीत आहे.
ताई


४ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सगळी पानं वाचली, मागच्या अटींसकट. तुझं दुसरं पान बरोबर आहे. तरी ऐकणार नाही.

दुकानावर पाटी लावली: घरचं लग्न, त्या दिवशी बंद. एक जुनं गिऱ्हाईक डोळा मारून म्हणालं, मग काय, मंडप जोरदार असेल! म्हटलं, मंडपच नाही, पोरीनं स्वतःच्या हातानं केलंय सगळं, आणि ज्याला त्यात कमीपणा दिसतो त्यानं दुसरा मंडपवाला बघावा. तो बघणार बहुतेक. बघू दे.

काल संध्याकाळी कुणाला न सांगता कारखान्याच्या रस्त्यानं गेलो. ते पुढचं दार बघितलं. आत उघडतं, आणि तेल घालूनही खालून घासतंय. रंधा मारला तर पाच मिनिटांत सुटेल. हात शिवशिवले, पण खिशातच ठेवले.

ढकलूनच आत येऊ आम्ही. तू आधी पोचशील, तर फोटो काढणाऱ्याला दारासमोर उभं कर. आणि त्याला सांग, म्हातारा मध्ये येतोय म्हणून बाजूला हो म्हणायचं नाही.

भेटीत बाकी लोभ.
तुझा धाकटा